आपला मुलूख : वाचकांचे प्रश्न, भूगोलाच्या बाईंची उत्तरं

गेल्या अंकात 'गावांच्या नावांबद्दल विचारा' असं लिहिलं आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक अशा चारी दिशांनी पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच : आमच्या गावाच्या नावाचा अर्थ काय? उत्तरं देण्याआधी माझा आग्रह सांगते. शाळेत भूगोल शिकवताना मुलींनाही हेच सांगत आले. अर्थ शब्दकोशात शोधण्याआधी गावाच्या वरच्या अंगाला जाऊन उभं राहा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे जातं ते बघा. खडक कसला आहे ते बघा. आपल्या भागातली निम्मी नावं तिथेच उलगडतात, आणि उलगडली नाहीत तरी चुकीचा अर्थ गळ्यात पडत नाही.

बाई, मुलीच्या लग्नपत्रिकेवर बेळगाव लिहायचं की बेळगावी, यावरून घरात वाद झाला. माझ्या जुन्या दाखल्यांवर एक नाव, तिच्या दाखल्यांवर दुसरं. बरोबर कुठलं?
– एक वाचक, कडोली

पत्रिकेवर बेळगाव लिहा, दादा. मराठीत आपण बोलतो ते आणि तेच. सरकारी अर्जावर मात्र बेळगावी लिहा, कारण 1 नोव्हेंबर 2014 पासून ते अधिकृत नाव आहे. त्या दिवशी एकट्या बेळगावचं नाव बदललं नाही. बेंगळुरू, मैसुरू, मंगळुरू, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुरा, गुलबर्ग्याचं कलबुर्गी अशी एकूण 12 शहरांची नावं बदलली. राज्याचं स्वतःचं नावही फार जुनं नाही. 1956 च्या 1 नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यातून गेलो ते म्हैसूर राज्यात. त्याचं कर्नाटक झालं 1 नोव्हेंबर 1973 ला. म्हणजे तुमच्या वडिलांच्या दाखल्यावर मुंबई, थोरल्या भावाच्या दाखल्यावर म्हैसूर आणि धाकट्याच्या दाखल्यावर कर्नाटक असू शकतं, आणि तिघंही त्याच कडोलीच्या घरात जन्मलेले.

जुने दाखले खोटे नाहीत. ज्या तारखेला ते दिले त्या तारखेचं नाव त्यांवर आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला एका कार्यालयात 'हे गाव वेगळं दिसतंय' म्हणून परत पाठवलं होतं. पोरगी रडकुंडीला आली होती. असं कुणाला झालं तर नावबदलाच्या सरकारी अधिसूचनेची प्रत दाखल्यांबरोबर जोडा आणि शांतपणे पुन्हा जा.

आता मूळ नावाचं. सौंदत्तीच्या रट्ट राजांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी इथे आणली, तेव्हाच्या लेखांत वेणुग्राम असं नाव येतं. वेणू म्हणजे वेळू, बांबू. किल्ल्यातली कमलबस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, त्याच काळातली, 1204 ची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने ती बांधली. आज शहरात बांबूचं बेट शोधावं लागेल, पण जांबोटीच्या रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंना वेळू उभा दिसेल. नाव जमिनीशी जुळतं ते असं.

बाई, आमची शाळेची सहल कणकुंबीला गेली होती. सरांनी मलप्रभेचा उगम दाखवला. ती पूर्वेला जाते. मग म्हणाले, म्हादईही आपल्याच तालुक्यातून निघते पण गोव्याला जाते. एकाच तालुक्यातल्या दोन नद्या उलट दिशांना कशा गेल्या?
– इयत्ता नववीची विद्यार्थिनी, खानापूर

अगं, किती चांगला प्रश्न विचारलास! माझं माहेर जांबोटीकडचं, त्यामुळे या प्रश्नाला थोडं लांब उत्तर देते, वाचशील ना?

कौलारू घराचं आढं डोळ्यापुढे आण. आढ्याच्या या बाजूला पडलेला थेंब पुढच्या अंगणात जातो, वीतभर पलीकडे पडलेला परसात. सह्याद्रीचा माथा हे आपल्या तालुक्याचं आढं आहे. त्याला जलविभाजक म्हणतात, पुस्तकात तुला हा शब्द आला असेल. माथ्याच्या पूर्वेला पडलेलं पाणी मलप्रभेला मिळतं, पश्चिमेला पडलेलं म्हादईला.

पण दोन्ही उतार सारखे नाहीत, आणि खरी गोष्ट इथेच आहे. पूर्वेकडचा उतार अगदी संथ. मलप्रभा कणकुंबीहून निघते, माउलीच्या देवळाजवळून. खानापूरजवळ असोग्याला खडकांतून वळणं घेते, एम. के. हुबळीला महामार्गाखालून जाते. सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थाला डोंगर फोडून बाहेर पडते आणि तिथेच तिच्यावर धरण बांधलंय. पुढे रामदुर्ग. मग पट्टदकल आणि ऐहोळे, म्हणजे चालुक्यांची ती देवळं, ज्यांची चित्रं इतिहासाच्या पुस्तकात आहेत, ती आपल्याच नदीच्या काठावर आहेत. शेवटी कूडलसंगमाला ती कृष्णेत मिसळते. सुमारे 300 किलोमीटरचा प्रवास करूनही समुद्र अजून लांबच असतो, कारण कृष्णेला बंगालच्या उपसागरापर्यंत जायचं असतं.

म्हादईचं तसं नाही. देगाव, गवाळी, भीमगडच्या जंगलातून तिचे ओढे निघतात आणि लगेच कडा लागतो. थोड्या अंतरात शेकडो मीटर खाली उतरून ती गोव्यात शिरते, तिथे तिला मांडवी म्हणतात, आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. उतार तीव्र म्हणून पाण्याला जोर जास्त, जोर जास्त म्हणून खडक जास्त झिजतो. पश्चिमेचे ओढे आपला उगम मागे-मागे, पूर्वेकडे कुरतडत नेतात. हे काम इतकं सावकाश चालतं की माणसाच्या कित्येक पिढ्यांना कळणार नाही, पण लाखो वर्षांत आढंच सरकतं.

कणकुंबीजवळचा कळसा नाला तू पाहिला असशील. मलप्रभेच्या उगमाच्या इतका जवळ, तरी त्याचं पाणी म्हादईचं. म्हणूनच कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी वळवून मलप्रभेत घालायची योजना निघाली आणि गोव्याने हरकत घेतली. 2010 मध्ये लवाद नेमला गेला. त्याने 2018 च्या ऑगस्टमध्ये निवाडा दिला : कर्नाटकाला 13.42 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. कर्नाटकाच्या वाट्यातलं बरंचसं पाणी वीजनिर्मितीसाठी आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्राने निवाडा राजपत्रात छापला, तरी वाद मिटलेला नाही.

वर्तमानपत्रात या वादाबद्दल वाचशील तेव्हा दोन गोष्टी एकदम लक्षात ठेव. मलप्रभेच्या खालच्या अंगाला, सौंदत्ती-रामदुर्गाकडे वर्षाला 500 ते 600 मिलिमीटरच पाऊस पडतो. तिथल्या बाईला हंडाभर पाण्याची किंमत विचार. आणि वरच्या अंगाला, आमच्या माहेरी, पावसाळ्यात इरलं घेतल्याशिवाय गोठ्यापर्यंतही जाता येत नव्हतं, एवढा पाऊस. त्याच पावसावर भीमगडचं अख्खं रान उभं आहे. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. 2011 मध्ये भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माझं मत विचारशील तर आढ्याजवळच्या जंगलाला हात लावण्याआधी शंभरदा विचार व्हावा. रान राहिलं तर झरे राहतील, आणि झरे राहिले तर दोन्हीकडच्या नद्या राहतील.

पुढच्या सहलीला सरांना सांगून नकाशावर एक रेघ काढा : कुठल्या गावाचं पाणी पूर्वेला जातं, कुठल्या गावाचं पश्चिमेला. पारवाड, चिगुळे, आमटे, हेम्माडगा, कोंगळा, एकेक गाव घ्या. अशी रेघ कुठल्याही पुस्तकापेक्षा तुम्हाला जास्त शिकवेल.

आमच्या भागात घराघरांत मराठी बोलतात, पण गावांची नावं बेकिनकेरे, चलवेनहट्टी, म्हाळेनहट्टी, कट्टणभावी, होसूर अशी. यावरून काही लोक आम्हाला 'तुम्ही मूळचे कन्नडच' असं सुनावतात. यात तथ्य आहे का?
– एक वाचक, बेळगाव तालुका पश्चिम भाग

तुमच्या पत्रात दुखावल्याचा सूर आहे, तो मला पोचला. आधी सरळ उत्तर देते. गावाचं नाव ज्याने ठेवलं त्याची भाषा नावात असते. आज त्या गावात राहणाऱ्यांची भाषा त्यांच्या तोंडात असते. या दोन गोष्टींत कित्येक शतकांचं अंतर असू शकतं. नावावरून कुणाचं मूळ ठरत नाही आणि ठरवूही नये.

पण नावं कन्नड आहेत हे मान्य करायला आपण का कचरावं? केरे म्हणजे तळं, हट्टी म्हणजे वस्ती, भावी म्हणजे विहीर, होस म्हणजे नवा आणि ऊर म्हणजे गाव. चलवेनहट्टी, म्हाळेनहट्टी यांतला 'न' हा आपल्या 'चा-ची-चे'सारखा. बोलताना आपण त्याला हट्टीच्या 'ह'वरून पुढे ढकलून 'चलवेनट्टी', 'म्हाळेनट्टी' म्हणतो. बेकिनकेरेतही तोच 'न' आहे : कन्नडमध्ये बेक्कू म्हणजे मांजर. भावीकडे बघा, ती तर आपल्या 'बावे'ची सख्खी बहीण. संस्कृतातली वापी दोन्ही भाषांनी आपापल्या परीने वापरली.

आणि हे एकाच बाजूने झालेलं नाही. सांगलीच्या जत तालुक्यातलं दानम्मादेवीचं गुड्डापूर महाराष्ट्रातच आहे, आणि गुड्ड म्हणजे टेकडी. अक्कलकोटजवळचं नागणसूर बघा, शेवटी 'ऊर' आहेच. सीमा 1956 साली कागदावर आखली गेली. तेव्हा आपल्या जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहिला आणि बाकी आपण म्हैसूर राज्यात आलो. गावांची नावं ठेवणाऱ्यांपुढे ही रेघ नव्हती. त्यांच्यापुढे ओढा होता, तळं होतं, माळ होता.

म्हणून मी तुम्हाला एक काम सांगते. गावाच्या नावात केरे असेल तर ते तळं शोधा. आपल्याकडचं जुनं तळं म्हणजे नुसता खड्डा नसतो. दोन टेकाडांमधल्या पसरट खोलगटीला आडवा मातीचा बांध घातलेला असतो, बांधात मोरी असते, मोरीच्या खाली भाताची खाचरं असतात. तळं बुजलं असलं तरी बांध बहुधा दिसतो, त्यावर आज रस्ता किंवा देऊळ असेल. ते सापडलं की नाव कुणी ठेवलं यापेक्षा मोठी गोष्ट हाताला लागते : त्या माणसांनी इथे पाणी अडवलं आणि आपण आजही त्याच खाचरात भात लावतो. बांध घालणाऱ्यांचं ऋण मानायला भाषा आडवी येत नाही.

आणखी एक. कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक ही नावं तुमच्या जवळचीच. खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक हे 'बुजुर्ग'चं, म्हणजे थोरल्याचं रूप. दोन्ही शब्द फारशी. महसुलाच्या दप्तरात एकाच नावाच्या दोन गावांत गोंधळ होऊ नये म्हणून ते चिकटले. म्हणून कंग्राळीकर मूळचे इराणचे, असं कुणी म्हणत नाही. पुढच्या वेळी कुणी सुनावलं तर हे शांतपणे सांगा.

कर्नाटकातलं सर्वात उंच शिखर कुठलं? ते कळसूबाईपेक्षा उंच आहे का?
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, निपाणी

मुळ्ळय्यनगिरी, चिक्कमगळूर जिल्हा, सुमारे 1,930 मीटर. कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे मुळ्ळय्यनगिरी जवळजवळ 300 मीटरनी उंच. या दोन उंच भागांमध्ये लोंढा-कॅसलरॉकच्या पट्ट्यात सह्याद्री बराच बसका आहे, म्हणूनच गोव्याची रेल्वे तिथून उतरवता आली. कर्नाटकाचे नैसर्गिक विभाग विचारले तर किनारपट्टीची करावळी, डोंगराळ मलेनाडू आणि पूर्वेचं पठारी बयलुसीमे ही तीन नावं लिहा. बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेचा खानापूर मलेनाड आणि पूर्वेचा रामदुर्ग बयलुसीमे, असे दोन विभाग एकाच जिल्ह्यात येतात.

बेळगावच्या घरांचा दगड तांबडा किंवा काळा, पण गोकाकच्या धबधब्याचा दगड फिका, थरांचा. एवढ्या जवळच्या अंतरात इतका फरक कसा?
– निवृत्त कर्मचारी, गोकाक

तुमची नजर फार चांगली आहे. दख्खनचा काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाने पसरला, आणि त्या चादरीची दक्षिणेकडची कड आपल्याच जिल्ह्यात आहे. बेळगाव त्या कडेवर आहे. बसाल्ट पावसाने आणि उन्हाने वर्षानुवर्षं कुजला की वर जांभा तयार होतो, तोच तुमचा तांबडा दगड. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना चांगली म्हणून तिथे कौलांचे कारखाने झाले, कुंभारकामाचं शिक्षण देणारी केंद्राची संस्थाही तिथेच आहे.

गोकाकला पोचेपर्यंत ती चादर संपलेली असते आणि खालचा कितीतरी जुना वालुकाश्म उघडा पडतो. भूशास्त्रात या खडकांना कलादगीचं नाव आहे. कलादगी हे बागलकोट जिल्ह्यातलं साधं गाव, पण त्याचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकांतून सगळीकडे पोचलंय. बदामीच्या लेण्याही वालुकाश्मातच कोरल्या आहेत. गोकाकला घटप्रभा या कठीण थरांवरून एकदम 52 मीटर खाली पडते. पावसाळ्यात झुलत्या पुलाशी गर्दी असते. जमलं तर गर्दी ओसरल्यावर, पाणी कमी असताना जा. तेव्हा दगडाचे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. येताना गोडचिनमलकीलाही थांबा. तो धबधबा मार्कंडेयचा, म्हणजे बेळगावला राकसकोपच्या तलावातून पाणी पाजणाऱ्या नदीचा. कंग्राळी, अलतग्याच्या शिवारातून जाणारी हीच नदी गोकाकजवळ घटप्रभेला मिळते.

चंदगडची ताम्रपर्णी आणि तमिळनाडूतली ताम्रपर्णी एकच का?
– एक वाचक, शिनोळी

नाही. तुमची ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते आणि कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला जाते. तिरुनेलवेलीची वेगळी, ती थेट समुद्राला जाते.

हलशीला इतकी जुनी देवळं आहेत. गाव पूर्वी राजधानी होतं, हे खरं का?
– एक आजी, नंदगड

खरं आहे, आजी. बनवासीच्या कदंबांची ती दुसरी राजधानी. त्यांच्या ताम्रपटांत पलाशिका असं नाव येतं, पलाश म्हणजे आपला पळस. फाल्गुनात खानापूर तालुक्याच्या पूर्व भागात फिरलं की हे नाव का पडलं ते कुणाला सांगावं लागत नाही. भूवराह नरसिंहाचं देऊळ नंतरचं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. तुमच्या नंदगडलाही लोक लांबून येतात. तिथे 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी कित्तूरच्या लढ्यातल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. त्याची समाधी आणि तिथला वड दाखवताना नातवंडांना हलशीही दाखवा, दोन्ही एकाच दिवसात होतं.

आम्ही काही शिक्षक मिळून आमच्या गावातल्या शेतांची, ओढ्यांची, टेकड्यांची नावं गोळा करायचं म्हणतो. सुरुवात कुठून करावी?
– प्राथमिक शिक्षक, येळ्ळूर

सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं, म्हणून शेवटी घेतलं. गावाचं नाव कुठेतरी छापलेलं राहतं. शेताचं, पाणंदीचं, झऱ्याचं नाव फक्त तोंडात असतं आणि ते माणसाबरोबर जातं. प्लॉट पडले की शेताचं नाव आठवणारं कुणी उरत नाही, त्या जागी कॉलनीचं नाव येतं.

सुरुवात गुराख्यांपासून आणि भात लावणाऱ्या बायकांपासून करा. पाटलांकडे शेवटी जा. ज्यांचे पाय रोज त्या बांधावर पडतात त्यांना सगळी नावं येतात. नाव विचारताना अर्थ विचारू नका. अर्थ विचारला की माणूस तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगतो. त्याऐवजी विचारा : इथे पाणी कुठून येतं? उन्हाळ्यात ओल राहते का? काय पिकतं? माती काळी की तांबडी? उच्चार जसा आला तसाच लिहा, शुद्ध करू नका. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे त्याच जागेला दुसरं नाव असेल तर तेही त्याच ओळीत लिहा. आणि सर्व्हे नंबर जरूर टाका, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणीही ती जागा शोधू शकेल. तलाठ्याकडचा गावनकाशा आणि उतारा मिळवा. 1884 साली छापलेलं मुंबई इलाख्याचं बेळगाव गॅझेटियरही पाहा, नद्या, डोंगर आणि तळ्यांची त्यात बरीच माहिती आहे. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, त्यामुळे तिकडच्या जुन्या घरांत मोडी कागद निघू शकतात. मोडी वाचणारं कुणी जोडीला घ्या.

येळ्ळूरला राजहंसगड आहेच. मुलांना वर न्या आणि चारी बाजूंचं पाणी कुठे जातं ते खुणेने दाखवायला सांगा. तुम्ही जमवलेली यादी कितीही लहान असली तरी माझ्याकडे पाठवा, गावाच्या नावाखाली ती याच पानांवर छापू. ज्यांची गावं धरणात, छावणीत किंवा अभयारण्यात गेली आहेत, त्यांनी आधी पाठवावी.